बुरशीचा दाणा आणि पेशीतला राखणदार

‘बुरशी आलेले शेंगदाणे भाजून खाल्ले तर काय बिघडते?’ असे पेशंट मला नेहमी विचारतात. उत्तरासाठी थोडे पेशीत डोकवावे लागेल.

आपल्या पेशीत पी-५३ नावाचे प्रथिन राखणदारी करते. त्याचा शोध १९७९ साली लागला. जनुकांना इजा झाली की ते पेशीचे विभाजन थांबवते. दुरुस्ती न झाल्यास त्या पेशीला मरायला लावते. त्यामुळे गाठ होण्याचे टळते. हे प्रथिन म्हणजे ३९३ अमिनो आम्लांची माळ. तिची घडी नीट बसली तरच ते काम करते. किल्लीचे दाते वाकडे झाले तर कुलूप उघडत नाही, तसेच हे.

बुरशीतले अफ्लाटॉक्सिन हे विष या प्रथिनाच्या जनुकात बदल घडवते. मग २४९ व्या जागी आर्जिनिनऐवजी सेरिन येते. एकच मणी बदलतो, पण घडी बिघडते. पी-५३ चे चार रेणू मिळून काम करतात. त्यामुळे बिघडलेला रेणू चांगल्यांनाही निकामी करतो. चीन व आफ्रिकेच्या दक्षिण भागातील यकृताच्या कर्करोगात हाच बदल १९९१ साली आढळला. हिपॅटायटिस ‘बी’ची कावीळ सोबत असेल तर धोका आणखी वाढतो.

एखादा दाणा खाल्ला म्हणून घाबरू नका. मात्र भाजल्याने हे विष पूर्ण जात नाही. शेंगा नीट वाळवून कोरड्या जागी ठेवा. बुरशीचे दाणे फेकून द्या, गुरांनाही घालू नका. विषाचा अंश दुधात उतरतो. आणि मुलांना हिपॅटायटिस ‘बी’ची लस अवश्य टोचून घ्या.