जमाखर्च जुळला, कामगाराचं काय?

प्रश्न : भाचा सिडनीत गोदामात काम करतो. तिथल्या कामगार-भरपाई योजनेचं ऑडिट झालं म्हणे. ऑडिट म्हणजे जमाखर्चच ना? – एक वाचक, सातारा

उत्तर : नाही. न्यू साउथ वेल्सच्या महालेखापालांचा एप्रिल 2024चा अहवाल ‘आयकेअर’ ही सरकारी विमा संस्था आणि तिच्यावर नजर ठेवणारी ‘सिरा’ यांच्या कामगिरीवर आहे. दावे नीट हाताळले जातात का, माणूस कामावर परततो का, हे त्यात तपासलं गेलं.

एक फाइल उघडली की खरी गंमत कळते. दुखापत कळवल्यापासून सात दिवसांत तात्पुरते हप्ते सुरू व्हायला हवेत. नाही तर तसं कारण हवं. मग आकडा. काम अजिबात जमत नसेल, तर पहिले 13 आठवडे सरासरी साप्ताहिक कमाईच्या 95 टक्के मिळतात. समजा, पगार 1,000 डॉलर आणि ओव्हरटाइम 200; हातात 1,140 पडायला हवेत. कारकून ओव्हरटाइम विसरला, की 950. आठवड्याला 190 डॉलरची कात्री, आणि कागद मात्र स्वच्छ!

हे काल्पनिक भय नव्हे. कमाई चुकीची मोजल्याने हजारो कामगारांना कमी पैसे मिळाल्याचं 2020मध्ये उघड झालं होतं. त्याआधी, 2018पासून, आयकेअरने नवे दावे हाताळायला मुख्यतः एकाच एजंट कंपनीकडे सोपवले होते आणि कामावर परतणाऱ्यांचं प्रमाण घसरलं होतं.

2024च्या अहवालाचा सूर सावध आहे : सुधारणा मोठ्या, पण त्यांचा उपयोग अजून सिद्ध व्हायचाय. भाच्याने 52 आठवड्यांच्या पगाराच्या पावत्या, ओव्हरटाइमसह, जपून ठेवाव्यात.