डोस पाण्याला, टाकीला नव्हे

अगं, सोमवारी रुजू झालीस की आधी तळघरातला चिलर बघायला धावू नकोस. जिना चढून गच्चीवर कूलिंग टॉवरपाशी जा. पंखा बंद करायला सांग, मास्क आणि हातमोजे घाल, आणि खालच्या टाकीच्या भिंतीला आतून बोटं लावून बघ. बुळबुळीत लागलं, तर लॉगबुकात औषधाचे कितीही आकडे भरलेले असोत, त्यांच्यावर विसंबू नकोस. मास्क कशाला, ते पुढे सांगतो.

मी मराठवाड्यातल्या सरकारी रुग्णालयाच्या प्लांटवर एकतीस वर्षं काढली, सगळी बोअर आणि टँकरच्या पाण्यावर. तुला मुंबईचं रुग्णालय मिळालं. तिथलं भातसा-तानसा धरणांचं पाणी मऊ, आमचं जड. तुझी आजी नव्या गावचं पाणी तूरडाळीवरून ओळखायची. ज्यात डाळ शिजत नाही, ते पाणी कंडेन्सरलाही मानवत नाही, एवढं मी तिच्याकडूनच शिकलो. पण मऊ पाणी गरीब समजू नकोस. जड पाणी ट्यूबवर थर चढवतं, मऊ पाणी लोखंड खातं. म्हणून माझ्या वहीतला डोस जसाच्या तसा तिकडे नेऊ नकोस. पाइपात लोखंडाच्या आणि तांब्याच्या पट्ट्या टांगलेल्या असतील, त्यांना कूपन म्हणतात. तीन महिन्यांनी त्या काढून वजन करतात. ते वजन करताना तू स्वतः उभी राहा. मुंबईत तुझं खरं प्रगतिपुस्तक तेच.

आता हिशेब. टॉवर पाणी गार करतो तो त्यातलं थोडं हवेत उडवूनच. एक टन क्षमतेमागे तासाला साधारण सहा-सात लिटर. २०० टनांचा प्लांट पूर्ण भारावर असेल तर तासाला १,३०० लिटरच्या आसपास वाफ. वाफ शुद्ध जाते, क्षार मागे राहतात, बासुंदी आटते तसं पाणी आटतं. मेक-अपचा, म्हणजे भरपाईच्या पाण्याचा, टीडीएस (विरघळलेले क्षार) ३०० आणि टॉवरमधला ९००, म्हणजे तीन सायकल. तीन सायकलवर ठेवलंस तर तासाला ६५० लिटर दाट पाणी बाहेर सोडावं लागेल (त्यालाच ब्लोडाउन म्हणतात), पाचवर ३२५. दिवसाला ७,८०० लिटर वाचले. पण पाच सायकल तुझ्या पाण्याला झेपतात का, हे पाण्यालाच विचारायचं, ठेकेदाराला नाही.

हे मला २०१६ने शिकवलं. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, तर आमच्या टॉवरला कुठलं पाणी मिळणार? मिळेल त्या विहिरीचा टँकर यायचा. सकाळच्याचा टीडीएस ६००, संध्याकाळच्याचा १,८००. औषधाचा पंप मात्र टायमरवर, रोज तेवढंच औषध. पाणी तिप्पट जड झालं आणि डोस होता तिथेच राहिला. कंडेन्सरमधल्या गॅसचं तापमान आणि तिथून बाहेर पडणाऱ्या पाण्याचं तापमान यांतला फरक दीड अंशावरून पाचावर गेला. दोन्ही आकडे रोज मीच लिहीत होतो, पण शेजारी ठेवून वाचत नव्हतो. एका दुपारी चिलर हाय प्रेशरवर ट्रिप झाला, तेव्हा वर शस्त्रक्रिया सुरू होती. डॉक्टरांनी घामाघूम होऊन ती पुरी केली. पेशंट सुखरूप घरी गेला, पण तो तासभर मी अजून विसरलेलो नाही. ट्यूब उघडल्या तर आत पांढरा थर. त्यातून उष्णता तांब्याच्या शंभराव्या हिश्श्याइतकीही जात नाही.

तेव्हापासून टँकरचा पाइप जोडण्याआधी मीटर बुडवायचा, हा नियम केला. तुझ्याकडे टँकर नसतील, पण पाणीकपातीच्या दिवसांत बोअरचं पाणी मिसळतात. पंपवाल्याशी बोलणं ठेव. तो माणूस तुला प्रयोगशाळेच्या आधी सांगेल.

मास्कचं कारण असं. १९७६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात माजी सैनिकांची परिषद भरली होती. त्या परिषदेला आलेले १८२ जण न्यूमोनियासारख्या तापाने आजारी पडले, २९ दगावले. जंतू सापडला १९७७च्या जानेवारीत, नाव पडलं लिजिओनेला. तो आजार पाणी पिऊन होत नाही, जंतू तुषारांवाटे श्वासातून आत जातो. पंचवीस ते पंचेचाळीस अंश त्याला मानवतात, आणि आपल्या टॉवरचं पाणी वर्षातला बहुतेक काळ तेवढंच असतं. रुग्णालयात म्हातारी, अशक्त माणसं झोपलेली असतात, हे डोक्यातून कधी जाऊ देऊ नकोस. तुषार अडवणाऱ्या ड्रिफ्ट एलिमिनेटरची एक पट्टी जरी तुटली असेल तरी ती त्याच आठवड्यात बदलून घे. आणि टॉवर आठ-दहा दिवस बंद राहिला असेल, तर आधी क्लोरीन देऊन पाणी फिरव, पंखा नंतर.

क्लोरीन देताना पीएच बघ. साडेसातला निम्मं क्लोरीन कामाचं असतं, साडेआठला दहावा हिस्सा. कित्येक ठिकाणी नऊच्या पाण्यात क्लोरीन ओतून लोक समाधानाने सही करतात. पीएच चढा असेल तर ब्रोमिन बरं. आणि क्लोरीनचे कॅन नि अ‍ॅसिडचे कॅन एका खोलीत ठेवू देऊ नकोस. दोन्ही सांडून एकत्र आली तर विषारी वायू होतो. यात कोणाचंही ऐकू नकोस.

चिल्ड वॉटरचं बंद चक्र वर्षानुवर्षं शांत असतं, म्हणून त्याच्या मेक-अपला पाणीमीटर बसव. मीटर हलला की कुठेतरी गळती आहे, आणि गळतीबरोबर औषधही जातंय.

बॉयलरचं माझ्यापेक्षा तिथल्या जुन्या बॉयलर अटेंडंटकडून शीक. सॉफ्टनरमधून येणाऱ्या पाण्याची रंगचाचणी मात्र स्वतः कर: निळा रंग आला तर पाणी मऊ, कोकमाच्या सारासारखा आला तर रेझिन दमलंय, मीठ दे.

आणि वर्षातून एकदा कंडेन्सर उघडतील तेव्हा ब्रश घालण्याआधी तू टॉर्च घेऊन आत बघ. थर असेल तर चिमूटभर खरवडून ठेव आणि त्यावर पातळ अ‍ॅसिडचा थेंब सोड. फसफसला तर कार्बोनेट, अ‍ॅसिडने निघेल. फसफसला नाही तर सिलिका असू शकते, तिथे अ‍ॅसिड ओतून तांबंच खराब होईल. २०१६च्या थराची डबी मी जपून ठेवली आहे. ताई रविवारी मुंबईला येतेय, तिच्याबरोबर पाठवतो.