दुसरी किल्ली, पहिली असतानाच

चिरंजीव, जुनी का होईना, गाडी घेतलीस. पेढे पोचले, गोड होते. पण फोन ठेवता ठेवता हळूच म्हणालास, "आत्या, किल्ली मात्र एकच मिळाली गं," आणि मला हर्णै आठवलं.

हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव चालतो. मी पापलेटाच्या पाटीवर वाकले आणि कमरेला खोचलेला जुडगा वाळूत कुठे पडला ते कळलंच नाही. दुसरी किल्ली होती की! पुण्यात, लोखंडी कपाटाच्या चोरकप्प्यात, अगदी सुरक्षित. फक्त त्या कपाटाची किल्ली त्याच जुडग्यात होती. शेवटी तुझ्या बाबाने आमच्या घरी जाऊन कपाट फोडलं आणि दुसऱ्या दिवशी स्वारगेटहून दापोलीच्या एसटीत बसून किल्ली आणून दिली. तुझे आतोबा त्या रात्री एक शब्द बोलले नाहीत. तेव्हापासून दर दिवाळीला बोलतात.

म्हणून हे लिहून देतेय. विहिरीत पोहरा पडल्यावर गळ शोधायला निघू नये, गळ आधीच दाराशी टांगलेला असावा.

आधी किल्ली ओळख

१. किल्लीचं धातूचं पातं कुलूप फिरवतं आणि मुठीतली चिप इंजिनाला ओळख पटवते — म्हणून चिपवाल्या गाडीची किल्ली नुसती घासून आणलीस, तर दार उघडेल पण गाडी सुरू होणार नाही.

२. काट्यांच्या पॅनेलवर गाडी-कुलपाचं चित्र लुकलुकत असेल आणि इंजिन पकडत नसेल, तर सेल्फ मारत बसू नकोस — गाडीला किल्लीची ओळख पटलेली नाही, आणि तू बॅटरीही उतरवून बसशील.

३. रिमोटचा सेल संपला म्हणजे किल्ली मेली असं नाही. पात्याने दार उघड आणि नेहमीसारखी सुरू कर — चिपला सेल लागत नाही, किल्ली घालायच्या भोकाभोवती तारेचं वेटोळं असतं, त्यातून तिला लागेल तेवढी शक्ती मिळते.

४. बटणाची गाडी असेल तर रिमोटच्या पोटात लपवलेलं पातं आजच काढून बघ आणि दाराचं भोक कुठल्या झाकणाखाली आहे तेही शोध. सेल गेल्यावर बहुतेक गाड्यांत रिमोट स्टार्टच्या बटणाला टेकवला की काम होतं — पण हे गाडीचं पुस्तक भर दुपारी वाचून कळतं, रात्री घाटात नाही.

५. सेल आणायला जाताना जुना सेल सोबत ने. त्यावर सीआर २०३२ असं लिहिलेलं असेल तर तो २० मिलीमीटर रुंद आणि ३.२ मिलीमीटर जाड असतो — '२०२५' त्याच्यासारखाच दिसतो, पण पातळ असतो आणि आत खुळखुळत राहतो.

६. काढलेल्या सेलला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लाव आणि पोरांच्या हाती लागणार नाही असा ठेव. कुणी गिळलाच तर उद्यावर न ढकलता थेट हॉस्पिटल गाठ — तो अन्ननलिका आतून जाळतो, आणि ते तासांत होतं, दिवसांत नाही.

७. किल्लीचं फुटकं कव्हर घरी बदलणार असशील तर खाली पांढरा रुमाल अंथर. चिंचोक्याहून लहान काळा तुकडा पडला तर जपून उचल — काही किल्ल्यांत तीच चिप असते, आणि मी ती एकदा कचरा समजून केरात लोटलीय.

नवी करून घेताना

८. दुसरी किल्ली याच महिन्यात कर — एक किल्ली हातात असताना हे साधं काम आहे. एकही नसली की गाडी उचलून न्यावी लागते, आणि बिलात क्रेनचा आकडा वर बसतो.

९. आधी आरसी तुझ्या नावावर झाली का बघ. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन ठेवल्यात म्हणजे नाव लागलं असं नसतं — सर्व्हिस सेंटरवाला आरसीवरचं नाव आणि तुझं ओळखपत्र जुळवून बघतो, आणि बघायलाच हवं.

१०. आरसी डिजिलॉकरमध्ये घालून ठेव — कागद गाडीत आणि गाडी कुलपात, असा पेच आमच्या घरात दोनदा पडलाय.

११. चासी नंबर फोनवर सांगताना सतरा अक्षरं-आकडे मोजून सांग. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू कधीच नसतात — गोल दिसला की तो शून्यच, उभी रेघ दिसली की एकच.

१२. दर विचारताना तीन प्रश्न एका दमात विचार: किल्ली केवढ्याला, प्रोग्रॅमिंग केवढ्याला आणि यायला किती दिवस? — पहिलाच आकडा ऐकून खूश झालेला माणूस दुसऱ्या आकड्याला खुर्ची शोधतो.

१३. प्रोग्रॅमिंगला जाताना घरातल्या असतील तेवढ्या सगळ्या किल्ल्या घेऊन जा — काही गाड्या नवी किल्ली शिकताना जुन्या विसरतात. घरी राहिलेली किल्ली मग नुसती शोभेची.

१४. गाडीच्या संगणकात किती किल्ल्या नोंदल्यात तेही तिथेच बघायला सांग आणि तुझ्याजवळ नसतील त्या पुसून घे — आधीच्या मालकाने हरवलेली किल्ली कुणाच्या खिशात आहे, हे त्याला तरी कुठे माहीत आहे?

१५. बाहेरच्या किल्लीवाल्याकडे जायला हरकत नाही, त्यांच्यात पक्के कारागीर आहेत. फक्त आरसी मागणाराच निवड — जो तुझे कागद बघत नाही, तो चोराचेही बघणार नाही.

१६. पैसे देण्याआधी नव्या किल्लीने दार, डिकी आणि पेट्रोलचं झाकण उघडून बघ, मग गाडी दोनदा सुरू करून बंद कर. त्या वेळी जुनी किल्ली लांब कुणाच्या हातात दे — ती जवळ असली तर गाडी तिच्याच ओळखीवर सुरू होते, आणि फसलो हे घरी आल्यावर कळतं.

१७. नव्या किल्लीसोबत नंबर कोरलेला छोटा बिल्ला मिळाला तर तो घरच्या फायलीत ठेव, जुडग्यात नको — पुढची किल्ली त्या नंबरावरून कापता येते. तुला येते तशी चोरालाही.

हरवलीच तर

१८. आधी बस, पाणी पी आणि शेवटचं दार कुठलं उघडलंस ते आठव. मग भाजीच्या पिशव्या बघ — माझी किल्ली एकदा तीन दिवस फ्रिजमध्ये, कोथिंबिरीच्या जुडीत होती. घाबरलेले डोळे समोरचं बघत नाहीत.

१९. नाहीच सापडली तर पोलिसांत गहाळ झाल्याची तक्रार नोंदव. आता ती बऱ्याच ठिकाणी ऑनलाइनही होते — किल्ली त्या कागदाने सापडणार नाही, पण उद्या काही झालं तर कधी हरवली ते तुला तोंडी सिद्ध करावं लागणार नाही.

२०. कुणी पर्स हिसकावली असेल तर मात्र 'गहाळ' लिहून मोकळा होऊ नकोस, चोरीचाच गुन्हा नोंदवून घे — आरसी आणि किल्ली एकत्र गेली म्हणजे चोराला गाडीही मिळाली आणि पत्ताही.

२१. अशा वेळी जुनी किल्ली संगणकातून पुसून घेच, पण दाराची कुलपंही बदलायची का ते विचार — चिप पुसली तरी पातं तेच राहतं. इंजिन सुरू होणार नाही, पण दार उघडून आतलं सामान जाईल.

२२. खर्च करण्याआधी विमा कंपनीला फोन कर. किल्लीचं संरक्षण वेगळं, जादा हप्ता भरून घ्यायचं असतं — नुसत्या थर्ड पार्टी विम्यात ते शोधू नकोस, सापडणार नाही.

२३. गहाळची पावती आणि नव्या किल्लीचं बिल गाडी विकेपर्यंत जपून ठेव — गाडी चोरीला गेली तर विमावाले दोन्ही किल्ल्या मागतात. एकच दिलीस की दुसरीची गोष्ट सांगावी लागते, आणि कागदावरची गोष्ट लवकर पटते.

२४. रस्त्यातल्या मदतीचा नंबर फोनमध्ये घालून ठेव, डॅशबोर्डच्या कप्प्यातल्या कागदावर नको — गाडीच उघडत नसेल तर तो कागद काचेतून वाचणार का? गाडी न्यायला सपाट फळीची गाडी मागव, स्टीअरिंग लॉक असताना पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढू देऊ नकोस.

२५. किल्ली आत राहिली, दार लागलं आणि पोर आत असेल तर किल्लीवाल्याची वाट बघायची नाही. ११२ ला फोन लाव आणि पोरापासून लांबच्या बाजूची काच कोपऱ्यात फोड — पुढची काच दोन थरांची असते, ती तडकते पण सुटत नाही, आणि उन्हातली गाडी काही मिनिटांत भट्टी होते. काच बाजारात मिळते, राजा.

रोजच्या सवयी

२६. दोन किल्ल्या दोन छपरांखाली ठेव — एका खुंटीवरच्या दोन किल्ल्या चोराच्या हिशेबात एकच असतात.

२७. दुसरी किल्ली गाडीतच कुठेतरी, सीटखाली किंवा बंपरच्या आत, लपवू नकोस — तुला सुचलेली जागा चोराला आधीच सुचलेली असते.

२८. जुडगा हलका ठेव. घर, ऑफिस, तिजोरी, वर पितळेचा गणपती, असं सगळं एकाच कडीत नको — सगळं ओझं किल्लीच्या भोकावर लोंबतं, ते हळूहळू झिजतं आणि एक दिवस किल्ली फिरत नाही.

२९. की-चेनवर फोन नंबर चालेल, गाडीचा नंबर आणि पत्ता नको — भल्या माणसाला फोन पुरतो, पत्ता लागतो तो दुसऱ्याला.

३०. गॅरेजमध्ये किंवा हॉटेलच्या पार्किंगवाल्याला द्यायची ती गाडीची सुटी किल्ली, जुडगा नव्हे — गाडी लावायला घराची किल्ली लागत नाही.

३१. बिनकिल्लीची, नुसती जवळ गेलं की उघडणारी गाडी असेल तर रात्री रिमोट दाराजवळ टांगू नकोस, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेव. डब्यासकट गाडीजवळ जाऊन एकदा बघ, दार उघडलं तर डबा बदल — चोर घराबाहेरून रिमोटचा सिग्नल ताणून गाडीपर्यंत नेतात, आणि रिमोट घरातच असल्याने तुला पत्ताही लागत नाही.

३२. आधी किल्ली हातात बघ, मग दार लोट, हा क्रम अंगवळणी पाड — घाईत लोटलेलं दार मालकालाच बाहेर ठेवतं.

३३. किल्ली वॉशिंग मशीनमधून निघाली तर बटणं दाबून बघायचा मोह आवर. सेल काढ, पूस, उघडी करून सावलीत दोन दिवस वाळव — ओल्या किल्लीत सेल राहिला की आतले जोड गंजतात.

३४. पाडव्याला आणि दसऱ्याला गाडी दुसऱ्या किल्लीने सुरू करायची, हा आपल्या घरचा नियम समज. झेंडूचा हार घालायच्या आधी तेवढं करायचं — वर्षभर न वापरलेली किल्ली चालते असं आपण मानतो, पण गाडीला ते मान्य असतंच असं नाही.

एवढं सगळं पाठ नाही झालं तरी चालेल, आठवा कानमंत्र तेवढा या आठवड्यात उरकून टाक. आणि किल्ली झाली की दुसरी माझ्याकडे आणून दे. माझ्या कपाटाची किल्ली हल्ली जुडग्यात नसते.