नांगराचा दोर किती मोजावा?

लोणीत नांगर म्हटले की शेत आठवते. पण आपल्याच आंबेगाव तालुक्यात, घोड नदीवरच्या डिंभे धरणात होड्या चालतात, आणि होडीलाही नांगर लागतो. दोर विकणाऱ्या बांधवांनी त्याचा हिशोब शिकून घ्यावा, असे आम्ही सुचवतो.

पाण्याच्या खोलीइतकाच दोर दिला तर ओढ वरच्या दिशेने बसते व नांगर उखडतो. दोर लांब असला की ओढ आडवी पडते, नांगराचे दात तळात रुततात.

समजा, खोली ५ मीटर, पाणी चढण्याची शक्यता १ मीटर, होडीच्या पुढच्या टोकाची पाण्यावरची उंची १ मीटर. बेरीज ७. तिची सातपट, म्हणजे ४९ मीटर दोर हवा. वारा शांत असेल तर पाचपट, ३५ मीटर पुरतो. कोकणचे गिऱ्हाईक असल्यास भरतीचे पाणीही बेरजेत धरावे.

नायलॉनचा दोर ताणतो, झटका सोसतो. पॉलिप्रॉपिलीनचा तरंगतो, म्हणून या कामी टाळावा. नांगराजवळ थोडी साखळी जोडावी.

गिऱ्हाईक पैसे वाचवायला २० मीटर मागेल. आधी खोली विचारा, मगच दोर कापा. आपल्या गप्प बसण्याने कोणाची होडी आणि जाळी जाऊ नयेत.