करमाडच्या बातम्या

यंदा काही पाहुणे करमाडला येताहेत. संभाजीनगरहून जालना रोडला लागलं की चिकलठाणा, मग शेंद्रा आणि वीसेक किलोमीटरवर आमचं गाव. रेल्वेने यायचं तर मनमाड-सिकंदराबाद मार्गावर करमाड स्टेशन आहे. हा मार्ग निजामाच्या राजवटीत, १९०० च्या सुमारास पडला.

बाहेर करमाडचं नाव पोचलं ते एका बातमीने. ८ मे २०२० ची पहाट. टाळेबंदीत काम सुटलेले जालन्याच्या पोलाद कारखान्यातले मजूर मध्य प्रदेशातली आपली घरं गाठायला रुळांवरून चालत भुसावळकडे निघाले होते. थकून रुळांवरच झोपले आणि मालगाडीखाली १६ जण गेले. जागा सटाणा शिवारातली, पण पेपरांत नाव आलं करमाडचं. गाव ते विसरलेलं नाही, विसरूही नये. मात्र पाहुण्यांनी आमच्या रोजच्या बातम्याही ऐकाव्यात असं मनापासून वाटतं.

फाल्गुनात इथे पहिली बातमी आभाळाची. दुपारी ऊन तापलेलं, पहाटे अंगावर पांघरूण लागतं, आणि अशात पश्चिमेकडून ढग चढले की हॉटेलावरच्या गप्पा थांबतात. गहू सोंगणीला आलेला असतो. माणूस वावरात जाऊन ओंबी तळहातावर चोळतो, फुंकर मारून कुसं उडवतो आणि दाणा दाताखाली धरतो. कट्‌ असा आवाज आला तर हार्वेस्टरवाल्याला फोन. दाणा चेपला तर अजून दोन दिवस जीव टांगणीला. ते दोन दिवस फार मोठे असतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यावर गारांचा जो मारा झाला, तो पाहिलेला शेतकरी आभाळ गडगडलं की आजही अंगणात येऊन उभा राहतो. वावधन सुटलं की गहू लोळतो, आंब्याच्या कैऱ्या गळतात, मोसंबीच्या बागेत फळांचा सडा पडतो. मग तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक पंचनाम्याला येतात. नुकसान ३३ टक्क्यांच्या वर धरलं तरच मदत, म्हणून गावात आठवडाभर हीच चर्चा. ३० टक्के पीक गेलेल्याचं दुःख काही कमी नसतं. हा निकष मला कधीच पटलेला नाही.

दुसरी बातमी शेंद्र्याची. औद्योगिक वसाहत, स्कोडाचा कारखाना, आता ऑरिक ही नवी औद्योगिक नगरी. या भागातल्या कितीतरी जमिनी त्यात गेल्या. त्यामुळे एकाच घरात बाप कांद्याला पाणी देतो आणि पोरगा शिफ्टला जातो. गारा पडल्या की कंपनीतून पोराचा पहिला फोन येतो तो मळणी झाकली का, हे विचारायला. जमीन विकलेल्या घरातही आभाळाची चौकशी सुटलेली नाही, याचं मला अप्रूप वाटतं.

बाकी मग लग्नाच्या तिथी, पाण्याचा टँकर, विजेचं वेळापत्रक, आडतीवरचा भाव.

चैत्रात शेंद्र्याला मांगीरबाबांची यात्रा भरते. दूरदूरचे भाविक नवस फेडायला येतात आणि जालना रोडवर गाड्यांची रांग लागते. त्या दिवसांत येणाऱ्यांनी सकाळी लवकर निघावं किंवा सरळ रेल्वेने यावं. स्टेशनावर घ्यायला आम्ही आहोतच.