पोटदुखी, एटीकेटी आणि समुपदेशन

दहावीला ऐंशी टक्के मिळवून तंत्रनिकेतनात गेलेला मुलगा पहिल्या सत्राच्या निकालानंतर घरी येतो, तो पोट दुखते म्हणून. रक्त, लघवी, सोनोग्राफी सगळे होते. काहीच निघत नाही. मग आई हळूच सांगते, "डॉक्टर, परत जायचे नाव काढले की याला मळमळते." अशी पोटदुखी खोटी नसते. मनावरचा ताण आतड्यांच्या हालचालीवर खरोखरच परिणाम करतो. पण नुसत्या पोटाच्या गोळ्यांनी ती जात नाही.

वय पंधरा-सोळा, घर सुटलेले, मेसचे जेवण. आजवर मराठीतून शिकलेल्या मुलापुढे गणित, भौतिकशास्त्र आणि ड्रॉइंग मुख्यतः इंग्रजीतून येते. शाळेत पहिल्या पाचांत असणाऱ्याला येथे दोन विषयांत एटीकेटी लागते. एटीकेटी म्हणजे राहिलेले विषय पुन्हा देण्याच्या अटीवर पुढे शिकण्याची मुभा. घरी मात्र तिचा अर्थ 'नापास' असाच घेतला जातो, आणि मुलगा निकाल लपवू लागतो.

अशा वेळी समुपदेशकाची मदत होते. शब्दात 'उपदेश' असला तरी तेथे उपदेश करीत नाहीत. (तो घरी पुरेसा झालेला असतो!) समुपदेशक आधी ऐकून घेतो. अडचण विषयाची, पैशांची, खोलीतल्या मुलांची की रॅगिंगची, हे वेगळे काढतो आणि एकेक सोडवायला मदत करतो. सांगितलेले गुप्त राहते. जिवाला धोका वाटला तरच पालकांना कळवले जाते. तो औषधे देत नाही. ते काम मनोविकारतज्ज्ञाचे.

शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये बजावले आहे. प्रवेश घेतानाच पालकांनी त्याची चौकशी करावी. समुपदेशकाची खोली प्राचार्यांच्या दालनाला लागून असेल, किंवा प्रात्यक्षिकाचे गुण देणारे सरच समुपदेशक असतील, तर तेथे मुले जात नाहीत, हेही संस्थाचालकांनी ध्यानात घ्यावे.

सलग दोन आठवडे झोप उडाली, जेवण तुटले, कशातच रस उरला नाही, तर मनोविकारतज्ज्ञांना दाखवावे. आवडत्या वस्तू वाटून टाकणे, 'मी नसलो तर बरे' असे बोलणे, ही तातडीची लक्षणे समजावीत. "जीव द्यावासा वाटतो का?" असे शांतपणे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट मुलाला मोकळे होता येते. होकार आला तर त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

टेलि-मानस ही सरकारी दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. १४४१६ हा क्रमांक मोफत असून अहोरात्र चालतो, मराठीतही बोलता येते.

नैराश्यावरील औषधांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. चार दिवसांत फरक नाही म्हणून ती बंद करू नयेत. जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागातही उपचार मिळतात. जाताना आधीच्या तपासण्यांचे कागद बरोबर न्यावेत, म्हणजे तीच सोनोग्राफी पुन्हा करावी लागत नाही.