नर्सरीत मिळणारं शिवसुमन दुर्मिळ कसं?

प्रश्न : गेल्या वर्षी एका रोपवाटिकेतून शिवसुमनाचं रोप आणलं. गॅलरीत ठेवलंय, फारसे लाड करत नाही, तरी यंदा पावसाळ्यात भरपूर फुललं. फांदी तोडून मातीत खोचली तरी जगते. अशी तीन रोपं शेजाऱ्यांना वाटली. पण वाचावं तिथे ‘अतिदुर्मिळ, नामशेष होण्याच्या मार्गावर’ असंच लिहिलेलं. इतकी चिवट वनस्पती दुर्मिळ कशी? आणि पुढच्या महिन्यात आम्ही मित्र शिवनेरीला जातोय, तेव्हा दोन रोपं तिथे लावून आलो तर?
— एक वाचक, पुणे

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तुमची बॅग भरायची वेळ जवळ आलीय. लावू नका. का, ते ओघात येईलच.

शिवसुमनाची शास्त्रीय नोंद झाली ती जुन्नरच्या डोंगरांतल्या रोपांवरून, 1865 च्या सुमारास. नोंद करणारे निकोल डालझेल हे मुंबई इलाख्याच्या जंगलखात्यातले अधिकारी. त्याआधी 1861 मध्ये अलेक्झांडर गिब्सन यांच्यासोबत त्यांनी मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींवरचा ग्रंथ काढला होता. नव्या वनस्पतीला त्यांनी तेव्हाचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांचं नाव दिलं : फ्रेरिया इंडिका. मुंबईच्या फोर्टाचा तट पाडायला लावणारे गव्हर्नर ते हेच. तट पाडणाऱ्याचं नाव गडाच्या कड्यांवर राहणाऱ्या फुलाला मिळालं, ही गंमत मला नेहमी वाटत आली आहे. पुढे शास्त्रज्ञांनी हे नाव दोन-तीनदा बदललं, कुळातली जागाही हलवली. आपण ‘शिवसुमन’ म्हणतो तेच बरं.

हे माकडशिंगाच्या नात्यातलं. या गोतावळ्यातल्या बहुतेकांना खरी पानं नसतातच, नुसते मांसल दांडे. शिवसुमनाला मात्र पावसाळ्यात चांगली हिरवी, गुबगुबीत पानं येतात आणि कोरडे दिवस आले की झडतात. उन्हाळाभर दांड्यात साठवलेल्या पाण्यावर ते तग धरतं. म्हणूनच तुम्ही पाणी घालायला विसरलात तरी ते रुसत नाही. पाच टोकांचं, काळपट लाल रंगाचं, पिवळ्या नक्षीचं फूल तुम्ही पाहिलंच आहे. एरवी हे रोप मिळतं ते शिवनेरी, पुरंदरजवळचा वज्रगड, सज्जनगड, महाबळेश्वर अशा सह्याद्रीतल्या मोजक्या ठिकाणी. तेही उभ्या कातळात, कपारीत साचलेल्या मूठभर मातीवर.

आता तुमचा मूळ प्रश्न. आययूसीएन, म्हणजे आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघ, ज्या कसोट्यांवर लाल यादी करतो, त्यात कुंडीतली झाडं धरतच नाहीत. मोजायची ती आपली आपण उगवलेली, निसर्गात वाढलेली. एखाद्या जातीची पन्नासहून कमी प्रौढ झाडं उरली, तर ती थेट ‘अतिसंकटग्रस्त’ होते. अडीचशेहून कमी असतील तर ‘संकटग्रस्त’. झाडं मोजणं शक्य नसेल तर ती किती जागांवर आहेत, त्या जागा एकमेकींपासून किती तुटलेल्या आहेत, दिवसेंदिवस घटताहेत का, हे बघतात. शिवसुमन या दुसऱ्या कसोटीवर अडकतं. दोन गडांच्या मध्ये शेतं, रस्ते, गावं; एका कड्यावरच्या रोपांचा दुसऱ्या कड्याशी संबंध येणं कठीण. ऐंशीच्या दशकात याच संघाने जगातल्या सर्वाधिक धोक्यातल्या बारा वनस्पतींमध्ये शिवसुमन घातलं, आणि तेव्हापासून लेखालेखांत हा ‘बारा’चा आकडा फिरतोय.

लाल यादीत ‘वन्य अवस्थेत नामशेष’ असा एक चमत्कारिक वर्गही आहे. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात आल्टामाहा नदीकाठी बार्ट्रम पितापुत्रांना 1765 मध्ये पांढऱ्या फुलांचं एक झाड दिसलं. बेंजामिन फ्रँकलिनच्या नावावरून त्याला फ्रँकलिनिया म्हणतात. 1803 नंतर ते रानात कुणालाही दिसलेलं नाही. आज बागांमधून ते मुबलक आहे, आणि ती सगळी बार्ट्रमांनी आणलेल्या बियांची लेकरं. बाग भरलेली, रान रिकामं. तुमच्या शंकेचं याहून चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही.

मग एवढं चिवट झाड रानात का मागे पडतं? तुमची कुंडीच सांगते की त्याला कडाच हवा असतो असं नाही. साध्या मातीत, सपाट जागी ते सुखाने वाढतं. तरीही ते कड्यावरच सापडतं. मला वाटतं, कडा हे त्याचं आवडतं घर नसून उरलेला आसरा आहे. रसदार पाला शेळ्या सोडत नाहीत; जिथे शेळीचं तोंड पोचत नाही तिथेच ते टिकलं असावं. त्यातही उन्हाळ्यातले वणवे, पावसाळ्यात सुटणाऱ्या दरडी, आणि ‘दुर्मिळ’ शब्द ऐकून पिशवी घेऊन निघालेली माणसं. शिवाय बिबळ्या कडवा हे फुलपाखरू, जे एरवी रुईवर अंडी घालतं, ते यावरही घालतं. अळ्या रोप पार खाऊन टाकतात. बी धरण्यासाठीही माशीने परागांची अख्खी पुडी एका फुलातून काढून दुसऱ्या फुलाच्या नेमक्या फटीत बसवावी लागते. एवढं जमलं तर शेंग. मग रेशमी शेंडीची बी वाऱ्यावर सुटते, आणि उभ्या कड्यावरून सुटलेली बी बहुधा कपारीत न पडता खाली दरीत जाते.

फांदी खोचून झालेलं रोप या सगळ्या खटाटोपातून सुटतं, पण ते नवं रोप नसतं. तुमच्या गॅलरीतलं आणि तीन शेजाऱ्यांकडचं शिवसुमन एकच झाड आहे, चार कुंड्यांत. कड्यावरच्या दोन वेगळ्या रोपांच्या संकरातून बी पडतं, त्यातलं एखादं नव्या रोगाला पुरून उरेल, एखादं लांबलेल्या उन्हाळ्याला. कुंड्यांची संख्या हजारावर गेली तरी ही शक्यता वाढत नाही.

म्हणूनच शिवनेरीला नको म्हटलं. तुमच्या रोपाचे आईबाप कुठल्या कड्यावरचे, हे रोपवाटिकावाल्याने सांगितलं नसणार. मातीतून पिठ्या ढेकूण किंवा बुरशी गेली तर तिथल्या मूळ रोपांना ती नवी. आणि उद्या कुणी अभ्यासक मोजायला गेला, तर तुमची दोन रोपं त्याचा हिशेब बिघडवतील. पुनर्रोपण करतात, नाही असं नाही. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पुण्याच्या केंद्रात शिवसुमनाची रोपं वाढवण्याचं काम झालं आहे. पण त्यात रोप कुठून आलं आणि कुठे गेलं याची वही असते.

कायद्याची मदतही बरीच वर्षं मिळाली नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याला 1991 मध्ये वनस्पतींची यादी जोडली, आणि तिच्यात तीस वर्षं सहाच नोंदी होत्या. शिवसुमन त्यात नव्हतं.

तेव्हा गॅलरीतलं रोप ठेवा, फांद्या हव्या तितक्यांना वाटा. त्याने निदान कड्यावर पिशवी घेऊन जाणारे थोडे कमी होतील. पुढच्या वेळी रोप घेताना मात्र ते कलमाचं आहे की डोंगरावरून उपटलेलं, हे विचारून घ्या; मुळांना कातळाचे तुकडे चिकटलेले दिसले तर घेऊ नका. आणि शिवनेरीवर फूल दिसलंच तर लांबून फोटो काढा, पण कुठल्या कड्यावर दिसलं ते फेसबुकवर लिहू नका.